अनोळखी उजवा हात

"गेम कंट्रोलर नाहीये तो, माझा उजवा हात आहे!" कुमुदताई ओगले तिसऱ्यांदा फोनवर ओरडल्या.

कोपरापासून पुढचा त्यांचा कृत्रिम हात घरातल्या कॉम्प्युटरच्या जोरावर चाले. सकाळी कॉम्प्युटर आपोआप अपडेट झाला आणि हाताला ओळखच दाखवेना. पडद्यावर अक्षरं आली, 'अनोळखी गेम कंट्रोलर. चालणार नाही.' तेव्हापासून हात पेटीच्या पट्ट्यांवर मेल्यासारखा पडला होता, आणि संध्याकाळी आपल्या संगीतगुरुजींच्या पुण्यतिथीला त्यांना गाण्याला पेटीची साथ करायची होती.

"ताई, आमच्या यादीत हात गेम कंट्रोलरमध्येच येतात," कॉम्प्युटर कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला. "मनगटावरची बटणं दोन्ही हातांनी दाबून धरा."

"दोन्ही हात धड असते तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

"हाताचं मॉडेल जुनं झालंय, ताई. नवीन घ्या."

"याच हातानं मी मुलींना पेटी शिकवते. खेळणं वाटलं का तुम्हाला?"

"तुमची तक्रार पुढे पाठवतो," म्हणत त्यानं फोन ठेवला. लगेच पडद्यावर एक हसरा चेहरा उमटला. 'समस्या सुटली का? कॅमेऱ्यासमोर हाताने खूण करा.'

कुमुदताईंचं डोकंच सणकलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा कॅमेऱ्यापुढे नाचवला. "सुटली म्हणे! हा घ्या ठेंगा!"

पडद्यावर फुलं उधळली गेली.

'अंगठा वर केल्याबद्दल धन्यवाद! आपण समाधानी आहात. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'