शंभराच्या खाली

पहिल्याच घोषणेला हवालदार सुषमाच्या टॅबवरचा आकडा सत्त्याण्णववर गेला.

"हौसाक्का, जरा दमानं. सरासरी शंभर झाली की परवानगी आपोआप रद्द. मग मलाच तुम्हाला माघारी पाठवावं लागेल."

मोर्चातल्या प्रत्येकीच्या मनगटावर नगरपालिकेची पट्टी होती. गर्दी भडकायच्या आत ते नाडीवरून कळावं, असा नियम. चाळीस बायकांची मागणी एकच होती, गावातलं प्रसूतिगृह बंद करू नका. पाचच्या आत अर्ज नगरपालिकेतल्या साहेबांच्या हातात पडला तर सुनावणी, नाहीतर उद्या दाराला कुलूप.

"चिडायचंच नाही, तर हळदीकुंकूच ठेवू की!" मागून कुणी म्हणालं. बायका खळखळून हसल्या. अठ्ठ्याण्णव. हसण्याचीही सोय नव्हती.

हौसाक्का त्या प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होत्या. रडणारं पोर गप्प कसं करायचं, ही एकच विद्या त्यांच्यापाशी होती. त्यांनी रिकामे हात छातीशी धरले आणि अंगाई सुरू केली. बाकीच्यांनाही ती पाठ होती, त्याच वॉर्डात बाळंतपणात ऐकलेली. चाळीसजणी डुलत, सावकाश चालू लागल्या. नव्वद. त्र्याऐंशी. शहात्तर.

पावणेपाचला साहेबांनी फाटकापाशी अर्ज घेतला, पोच दिली. हौसाक्का गायच्या थांबल्या.

"थांबू नका ना, हौसाक्का," सुषमा हळूच म्हणाली. तिचा एक हात सातव्या महिन्याच्या पोटावर होता. "सकाळपासून लाथा मारतंय. आत्ता कुठं निजलंय."