न चाखता

नाक चोंदलं होतं आणि पाहुणे अर्ध्या तासात येणार होते. आसावरीने पाचही बाटल्या उघडून एकेक ग्लास नाकाशी नेला, पण वास म्हणून येईना. वाइन चाखण्याच्या कोर्सबद्दल ऑफिसात तीन महिने बढाया मारून तिने आज सगळ्यांना घरी बोलावलं होतं.

"इकडे आण," वाटली डाळ परतत सासूबाई म्हणाल्या.

"आई, दारू आहे ही!"

"वासाने चढत नाही मला."

पहिल्या ग्लासात त्यांना भिजवलेल्या मनुका सापडल्या, दुसऱ्यात कैरी. पाचव्याला त्यांनी नाक मुरडलं. "ही आंबली. ओतून टाक."

आसावरीने घोट घेतला. जीभ चरचरली. "न चाखता कसं कळलं तुम्हाला?"

"चाळीस वर्षं नैवेद्याचा स्वयंपाक करतेय. देवाआधी मीठ चाखायची सोय असते का?"

पाहुणे आले. दुसरा ग्लास फिरवत आसावरीने ठणकावून सांगितलं, "कैरी."

"अगदी बरोबर! काय नाक आहे!" साहेब ओरडले.

तिसऱ्या कौतुकाला मात्र तिला राहवेना. तिने सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. "नाक यांचं आहे. माझं सकाळपासून बंद आहे."

हशा उसळला, टाळ्या पडल्या. साहेबांनी अदबीने ग्लास पुढे केला. सासूबाईंनी तो परत केला. "आधी तुमचं होऊ द्या."

चौथी बाटली संपत आली तेव्हा त्या सुनेजवळ आल्या. "सगळ्यांचं झालं ना?" असं विचारून त्यांनी आमटी चाखायला धरतात तसा उजवा तळहात पुढे केला. "घाल त्या कैरीवालीतली थोडी."