पाच हजारांच्या वर

सोनोग्राफीच्या पडद्यावर लिंबाएवढी गाठ दिसली आणि डॉक्टर हेमांगींचा हात थांबला. वेळ गेलेली नव्हती. या आठवड्यात बोटीने शेजारच्या देशात नेलं, तर ती काढता आली असती.

"काय दिसतंय, डॉक्टर?" यमुनामावशींनी विचारलं. बंदरावर मासे विकणाऱ्या मावशींच्या हातातला फोन लाइव्ह चालू होता. अकरा हजार वस्तीच्या त्या बेटावरच्या देशात नऊ हजार लोक त्यांना रोज बघत.

डॉक्टरांनी भिंतीवरचा आकडा पाहिला. दवाखान्याचे फॉलोअर पाच हजार बारा. आकडा पाच हजारांखाली गेला की कायद्याने वीज तुटायची, मग दुकान असो की दवाखाना. गेल्या महिन्यात त्यांनी एका हॉटेलवाल्याला त्याच्या आजाराचं खरं सांगितलं, तर त्याच्या सहाशे नातेवाइकांनी रागावून दवाखान्याला अनफॉलो केलं. देशात दुसरा दवाखाना नव्हता आणि बाहेर दिवस भरलेल्या दोन बायका बसल्या होत्या.

"मावशी, फोन जरा बंद करता?"

"का हो? वाईट आहे का काही?"

आकडा पाच हजार तीनवर आला. मागाहून एकट्यात सांगावं, तर मावशींच्या पोटात काही राहत नसे.

"छे! गॅस आहे. ओव्याचं पाणी घ्या."

"ऐकलंत? उगाच घाबरता डॉक्टरीणबाईंना!" मावशी फोनकडे बघून हसल्या. आकडा भराभर चढू लागला.

पदर सावरत त्या उठल्या. "मग आता पुढच्या वर्षीच येते."

"या," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरचं चित्र पुसून टाकलं.