कानटोपीतलं कलिंगड

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली, तेव्हा कलिंगडाच्या डोक्यावर कानटोपी होती. लोकरीची, लाल, वर गोंडा असलेली. मामांनी ती नीट खाली ओढली, कलिंगड कडेवर घेतलं आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला.

आत आला तो बँकवाला. भर उन्हाळ्यात टोपी घातलेलं कलिंगड बघून दगडालाही हसू आलं असतं. पण बँकवाला मोबाइलमध्ये होता. "मामा, जरा सरका," एवढंच म्हणाला. पाचव्यावर कॉलेजच्या दोन पोरी चढल्या. त्यांनी कलिंगडाकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तोंड दाबून हसल्या. मामा वाट बघत राहिले. तळमजला आला, सगळे उतरून गेले. खाली मामांचं काहीच काम नव्हतं. त्यांनी पुन्हा गच्चीचं बटण दाबलं.

मामा या इमारतीचे लिफ्टमन. म्हणजे होते. नवी लिफ्ट आली, तिला माणूस लागत नव्हता. गच्चीवरची खोली मामांकडे राहिली, लिफ्टच्या कोपऱ्यातलं स्टूल मात्र गेलं. त्या दिवसापासून मामांशी कोणी बोलेना. कोणाचं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. पण "मामा, पाचवा" असं म्हणायची गरजच उरली नाही, आणि त्या दोन शब्दांच्या मागून जे काय यायचं, पोराचा ताप, सुनेचे नखरे, पाण्याची बोंब, तेही थांबलं. एकदा सकाळपासून तोंड उघडायची वेळच आली नाही, तेव्हा मामांनी खोलीत स्वतःलाच जेवायला हाक मारली आणि आपल्याच आवाजाला दचकले.

मग उन्हाळा लागला. मामांनी सहज एक कलिंगड आणलं, तर ते घेऊन वर पोचेपर्यंत जो तो विचारायला लागला, "काय मामा, गोड आहे का?" मामांना घबाडच सापडलं. तेव्हापासून ते कलिंगड घेऊन नुसते खालीवर करत होते. विचारणारे कमी झाले, तेव्हा टोपी चढवली.

गच्चीवरून परत खाली येताना लिफ्ट चौथ्यावर थांबली आणि छत्रीबाई आत आल्या. हे नाव मामांनीच ठेवलेलं. बाई एकट्या राहायच्या, आणि आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी हातात काळी छत्री असायचीच. मामा स्टुलावर होते तोवर रोज विचारायचे, "काय बाई, आज पाऊस?" आणि बाकीच्यांना डोळा मारायचे. बाई छत्रीची मूठ घट्ट धरून जरा विचार करायच्या. "सांगता येत नाही, मामा." त्या उतरल्या की मागे लिफ्टभर हशा.

दार बंद झालं. बाईंनी वाकून कलिंगडाकडे निरखून पाहिलं.

"परवाचंच ना हे?"

"छे हो! आजच आणलंय. ताजं आहे."

"देठापाशी तोच ओरखडा आहे."

मामांचा चेहरा पडला. काहीतरी थाप मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण भलतंच बाहेर पडलं.

"कापलं तर उद्या हातात काय धरू, बाई?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गोंडा चिमटीत धरून टोपी किंचित वर उचलली.

"ही घालायला नको होती. अशानं लोक हसतात आणि गप्प बसतात. साधंच ठेवायचं. साधं असलं की काहीतरी विचारावंसं वाटतं."

"तुम्हाला काय ठाऊक?" मामा जरा घुश्शातच म्हणाले.

बाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मामांनी छत्रीकडे पाहिलं. कापड नव्यासारखं काळंभोर होतं, कुठे सुरकुती नाही. ती कधी उघडलेलीच नसावी. मूठ मात्र झिजून गुळगुळीत झाली होती.

"तुमचं स्टूल काढलं ना," बाई दाराकडे बघत म्हणाल्या, "तेव्हापासून मला कोणी विचारलं नाही."

तळमजला आला. दार उघडलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि चिटपाखरू नव्हतं. बाई उतरल्या नाहीत. मामाही जागचे हलले नाहीत. त्यांनी कलिंगडाची टोपी काढून खिशात कोंबली, जिथे पूर्वी स्टूल असायचं त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि घसा खाकरला. डोळा मारायला आज कोणी नव्हतं.

"काय बाई, आज पाऊस?"

बाईंनी मूठ घट्ट धरली. मान वर करून लिफ्टच्या छताकडे बराच वेळ पाहिलं.

"सांगता येत नाही, मामा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि कलिंगड? गोड आहे का?"

"कापल्याशिवाय कसं कळणार?"

दार आपोआप बंद झालं. बटण कोणीच दाबलं नव्हतं. लिफ्ट तिथेच उभी राहिली.