नेमकी याच दारात

“तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पंप बघ.”

आईसाहेबांनी गाडीची काच चार बोटं खाली करून एवढंच सांगितलं, तेही लेकीला. जावई हातभर अंतरावर उभा होता. पण त्याच्याशी बोलायचं नाही, हे चार वर्षांपूर्वी ठरलेलं. ‘या ग्रीसच्या डब्याशी लग्न केलंस तर त्याची पायरी चढणार नाही,’ असं त्या भरल्या घरात बोलून बसल्या होत्या. आईसाहेब हे नाव गल्लीनं दिलेलं. आडनाव कुणाला आठवत नसे, जीभ सगळ्यांना आठवायची. नवरा गेल्यावर त्याची पन्नास वर्षांची गाडी त्या स्वतःच चालवत. आणि आज ती आचके देत नेमकी याच दारात बंद पडली होती; खाली जावयाचं गॅरेज, वर त्यांचं घर.

जावयानं बॉनेट उघडलं. टाकीत पेट्रोल होतं. मग तो इंजिनाच्या कुशीतल्या पंपाकडे वाकला. बॉनेटखालच्या फटीतून आईसाहेबांना फक्त त्याचा हात दिसत होता. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या नटावर बोट आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.

“आईंना म्हणावं, वेळ लागेल,” तो बायकोला म्हणाला. “इंजिन गार झाल्याशिवाय काही कळायचं नाही. उन्हात कशाला बसायचं? खुर्ची टाकतो.”

“दाराबाहेर टाक म्हणावं.”

तासाभरानं त्यानं तेलाची पट्टी काढून नाकाशी धरली. “तेलाला पेट्रोलचा वास नाही. म्हणजे पंपाचा पडदा फाटलेला नाही.”

“इतका वेळ हुंगायला? इंजिन आहे का अत्तराची बाटली?” आईसाहेब लेकीला म्हणाल्या. ऊन सरकलं होतं. खुर्चीही उंबऱ्याच्या आत सरकली.

त्यानं पंपाची काचेची वाटी काढून धुतली, पुसली, उजेडात धरून बघितली. पुन्हा धुतली. मग पंपाची हाताची दांडी वरखाली केली. ती लुळी पडली होती.

“पंप गेलेला दिसतो,” तो म्हणाला.

आता मात्र आईसाहेबांना राहवेना. “इंजिनाला अर्धा फेरा दे म्हणावं त्याला. आतला उंचवटा दांडीला टेकून थांबला असेल, तर चांगल्या पंपाचीही दांडी ढिलीच लागणार. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण तीस वर्षं या गाडीत बाजूला बसलेय.”

त्यानं मुकाट्यानं अर्धा फेरा दिला. दांडी ताठ झाली, पंप कुरकुरत चालू लागला. “खरंच की,” तो बायकोकडे बघून म्हणाला.

आईसाहेबांनी कपाळाला हात लावला. पोरीनं मेकॅनिक केला तो केला, तोही अडाणी. कसं व्हायचं हिचं?

तेवढ्यात जिन्यावरून नात उतरली. तीन वर्षांची. आजीनं तिला आजवर फक्त शेजारणीच्या फोनमध्ये पाहिलं होतं. पोरगी सरळ मांडीवर चढली आणि पर्स उघडून बसली. चष्मा निघाला. रुमाल निघाला. मग स्वयंपाकघरातली पकड निघाली.

“आजी, हे कशाला?”

“बाहेर पडल्यावर काय लागेल सांगता येतं का?” आईसाहेबांनी पकड काढून घेतली, पर्स खटकन बंद केली.

लेक म्हणाली, “आई, जेवण तयार आहे. वर चल.”

आईसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. जावयानं पंपात डोकं घातलं होतं. “आईंना म्हणावं, सगळा खोलावा लागेल. अजून दोन तास तरी.”

“दोन तास मी काय इथे खिळे निवडत बसू?”

पायऱ्या बारा होत्या. नातीचं बोट धरून त्या एकेक करत चढल्या. वर लेकीनं पान वाढलं.

चार वाजता त्या खाली आल्या. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं. वरच्या खिडकीतून मायलेकी हात हलवत होत्या. आईसाहेब स्टिअरिंगमागे बसल्या, पदर खोचला आणि चार वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

“एका पंपाला सहा तास? धंदा करतोस का चेष्टा? काय झालं होतं शेवटी?”

त्यानं वर खिडकीकडे एकदा बघितलं. हात पुसले. मग खिशातून छोटा पाना काढला, उतरवलेल्या काचेतून आत हात घालून तो हलकेच त्यांच्या पर्सवर ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “पकडीनं नट सैल केला की कोपरे झिजतात, आई. पुढच्या रविवारी हा वापरा.”