भेगेवरची काच

मंजुळाकाकूंनी अपील समितीच्या टेबलावर तडकलेली काचपट्टी ठेवली. शेजारी टॉवरचा खड्डा खणायला घेतल्यावर कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगला भेग पडली, तेव्हा इंजिनिअरने ही पट्टी भेगेवर आडवी चिकटवली होती. काच फुटली की समजा, भिंत सरकतेय, म्हणालेला. “फुटली, साहेब. खोदकाम थांबवा.” “बाई, टॉवरची परवानगी नियमात बसते का, एवढंच आम्ही बघतो,” अध्यक्ष म्हणाले. “काम थांबवायचा अधिकार आम्हाला नाही. वॉर्ड ऑफिसात जा.” “तिथूनच इकडे पाठवलं!” “आमच्या अखत्यारीत नाही ते.” “आत माणसं झोपतात हो!” काकूंनी पट्टी टेबलावर आपटली. तुकडे अध्यक्षांच्या फायलींवर उडाले. ते खुर्ची मागे सारत ओरडले, “अरे, आधी हे उचल! कोणाला तरी लागेल!” शिपाई धावला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं. “साहेब, कोणाला लागेल हे बघणं तुमच्या अखत्यारीत कधीपासून आलं?”