धुवायचा राहिलेला शर्ट

अस्वलीण पेटीत शिरायला तयार नव्हती. पिंजऱ्याच्या दाराला लावलेल्या लोखंडी पेटीत मध ठेवून झाला, केळी ठेवून झाली. तिने नाक लांब करून सगळ्याची दखल घेतली आणि कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसली.

प्राणिसंग्रहालयाचा कायापालट चालू होता. गजांच्या पिंजऱ्यांची जुनी रांग पाडायची आणि मागच्या टेकडीवर झाडं, पाणी, गुहा असलेली मोकळी आवारं बांधायची असा बेत होता. तो बराचसा पारही पडला होता. सिंह नव्या जागी जाऊन झोपला. जुन्या जागीही तो दुसरं काही करत नव्हता. साळिंदराने काटे उभारून निषेध नोंदवला आणि मग मुकाट्याने गेलं. मगरीला सामानासारखं उचलून नेलं. आता रांगेत एकच पिंजरा भरलेला होता आणि बुलडोझर त्याच्यासमोर येऊन उभा होता.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशीच अस्वलिणीला सांभाळणाऱ्या माणसाच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं होतं. अस्वलीण आपणहून गेली नाही तर तिला इंजेक्शन देऊन बेशुद्ध करावं लागेल. या वयात तिच्या हृदयाचा भरवसा नाही. झोपली तर उठेलच असं नाही. तिला सांभाळणारा माणूस असता तर ही वेळच आली नसती.  पण मुलीचे वडील दीड महिन्यापूर्वी वारले होते. कामावरच्या कपाटात त्यांनी अंगावरून काढून टांगलेला एक शर्ट सापडला, तो पेटीत ठेवून पाहिला होता. अस्वलिणीने हुंगला आणि तोंड फिरवलं. वास उडाला असेल, असं डॉक्टरांचं मत पडलं. घरी एखादा न धुतलेला, नीट बंद करून ठेवलेला असला तर शेवटचा प्रयत्न करता येईल, असं त्यांनी जरा अवघडतच विचारलं.

घरी तसा एक होता. शेवटच्या दिवशी वडील जो घालून घरी आले तो. मुलीने तो काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड गच्च बांधलं होतं. दोनदा तिने गाठ सोडून आत तोंड खुपसलं होतं. घाम, गवत, गंजलेलं लोखंड, आणि त्या सगळ्याखाली एक उग्र, उबदार वास. लहानपणी कामावरून आलेल्या बाबांच्या कुशीत शिरलं की यायचा तोच. पिशवी उघडली की तो थोडा कमी होतो हे ध्यानात आल्यावर तिने पुन्हा गाठ सोडली नव्हती. एकदा पेटीत गेल्यावर शर्ट परत मिळण्याची आशा नव्हती. तरीही जेवताना तिने आईला सांगितलं की द्यायचं ठरवलंय.

आईचं अस्वलिणीशी कधीच पटलं नव्हतं. तिने तिला पाहिलंही नव्हतं. घरी पाहुणे येवोत की पोरगी तापाने फणफणो, नवरा आधी पिंजऱ्याकडे धावायचा, म्हणून आई तिला सवत म्हणे. शर्टाचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "गेल्यावरसुद्धा तिचंच."

सकाळी आईने पिशवी हातात दिली. वास जाऊ नये म्हणून मुलीने ती तशीच आणली आणि पिंजऱ्यापाशी येऊन गाठ सोडली.

शर्ट धुतलेला होता. खळ घालून, कडक इस्त्री करून, परीटघडी केलेला.

मुलीने तिथूनच घरी फोन लावला.

"मळका कसा द्यायचा?" आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत माझ्या घरातून माणूस मळका शर्ट घालून कामावर गेला नाही. आता चारचौघांनी नावं ठेवायची का?"

मुलीने फोन कानावरून खाली घेतला. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि इंजेक्शनसाठी आपली बॅग उघडली. वडिलांबरोबर काम केलेले एक काका म्हणाले, आणलाच आहे तर ठेवून बघू, आपलं काय जातंय. त्यांनी घडी न मोडता शर्ट पेटीत ठेवला.

अस्वलिणीचं नाक वर झालं. मग ती उठली. गुडघे दुखणाऱ्या बाईसारखी झोके घेत पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आली, पेटीत शिरली आणि इस्त्रीच्या कॉलरवर तोंड टेकून पसरली. काकांनी मागचं दार सोडलं तेव्हा तिने मानही वळवली नाही.

धुतलेल्या कापडाला कसला आलाय वास, असं डॉक्टर बॅग मिटताना पुटपुटले. मुलीला मात्र तेवढ्यात उमगलं होतं. बाबा इथे रोज धुतलेल्या शर्टात येत आणि घरी मळलेल्या शर्टात परतत. पिशवीतला तो उग्र, उबदार वास अस्वलिणीचा होता. स्वतःच्याच वासाने ती काय हुरळून जाणार? तिच्या लेखी बाबा म्हणजे आईचा साबण आणि आईची खळ.

फोन अजून चालूच होता. आई विचारत होती, गेली का एकदाची. मुलीने सांगितलं, गेली. कशी आणि कशाच्या वासाने गेली तेही सांगितलं. पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"कपाटात अजून आहेत त्यांचे," आई म्हणाली. "नव्या जागेत ती एकटी राहायची नाही. हा मळला की परत पाठवायला सांग, मी दुसरा धुतलेला देत जाईन."

"सांगते," मुलगी म्हणाली. "फक्त आलेला मळका लगेच भिजत घालू नकोस."